खणीच्या पाण्यात ठेवलेला ओंडका: लाकूड एवढं का पितं आणि त्याचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या एका सॉ मिलवाल्यांनी आयात पाइनचे आणि गावठी आंब्याचे ओंडके मार्चमध्ये जुन्या दगडाच्या खणीत पाण्यात टाकले आणि पावसाळा संपताना काढून कापले. आंब्याच्या फळ्यांना काही झालं नाही. पाइनच्या फळ्या रंध्याखालून स्वच्छ निघाल्या, पण स्टेनचा हात फिरवताच वीतभर लांबीचे गडद चट्टे उमटले. पॉलिशवाला म्हणतो, लाकूड कुजलंय. त्याच लॉटच्या खांबांना बुरशी-वाळवीचं औषध दाबाने पाजणारा प्लांटवाला म्हणतो, इतकं छान औषध घेणारं पाइन क्वचित मिळतं. दोघांतलं खरं कोणाचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ओंडके पाण्यात ठेवायचे की नाही?

दोघांनी पाहिलंय ते एकच. लाकूड कुजलेलं नाही. पाण्यातल्या बॅक्टेरियांनी त्याच्या आतली दारं खाल्ली आहेत, भिंती तशाच उभ्या आहेत. औषध पाजायचं असेल तर हा फायदा आहे, पॉलिश करायचं असेल तर डोकेदुखी. त्यामुळे "पाण्यात ठेवावं का" याला एकच उत्तर नाही. कोणतं लाकूड, कशासाठी आणि किती आठवडे, हे तिन्ही सांगितल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येत नाही.

ओंडके पाण्यात ठेवायची पद्धत चांगलीच आहे. बुरशीला ओलावा लागतो तशी हवाही लागते. ओंडका पूर्ण पाण्याने भरलेला असला की आत हवेला जागा उरत नाही, म्हणून लाकूड कुजवणारी बुरशी आणि निळा डाग पाडणारी बुरशी, दोन्ही थांबतात. भुंगेरेही पाण्याखाली अंडी घालत नाहीत. ओंडका वाळत नाही म्हणून टोकं फाटत नाहीत. जानेवारी 2005 मध्ये स्वीडनमध्ये ‘गुड्रुन’ वादळाने जंगलंच्या जंगलं आडवी झाली, तेव्हा ढीगच्या ढीग ओंडके असेच ओले ठेवून वाचवले गेले. पण बॅक्टेरियांना एवढी हवा लागत नाही. त्यांतले बरेचसे जवळजवळ हवेविना जगतात. बुरशीला दार बंद केलं की बॅक्टेरियांना मैदान मोकळं मिळतं. खणीतून ओंडका काढताना जो आंबूस, कुजकट वास येतो तो त्यांच्याच कामाचा, विशेषतः ब्युटिरिक आम्लाचा. वास घाण आहे म्हणून लाकूड वाया गेलं असं समजू नका. लाकूड सुकलं की वास बहुतेक जातो.

आता दारं म्हणजे काय ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग बारीक नळ्यांचा असतो. एक नळी साधारण 3-4 मिलिमीटर लांब, केसाहूनही बारीक आणि दोन्ही टोकांना बंद. एका नळीतून दुसरीत पाणी जातं ते बाजूच्या भिंतीतल्या गोल खिडक्यांतून. या खिडकीला पिट म्हणतात. पिटच्या मधोमध एक जाडसर चकती असते, तिचं नाव टोरस. ती चहूबाजूंनी जाळीसारख्या तंतूंवर टांगलेली असते आणि पाणी त्या जाळीतून झिरपतं. ओलं लाकूड वाळू लागलं की आटत्या पाण्याच्या ताणाने ही चकती एका बाजूला ओढली जाते आणि पंपाच्या व्हॉल्व्हसारखी तोंडावर घट्ट बसते. म्हणूनच हवेत वाळवलेलं पाइन, निदान त्याच्या वाढीच्या वळ्यातला मऊ, फिकट भाग, ओल्या पाइनपेक्षा किती तरी कमी पितं.

या चकतीत पेक्टिन भरपूर असतं. पेरूची जेली गोठते ते हेच पेक्टिन. आणि पेक्टिन खाणारे बॅक्टेरिया आपल्या भागात नवे नाहीत. अंबाडीच्या किंवा तागाच्या पेंढ्या ओढ्याच्या डोहात दगड ठेवून कुजत घालतात आणि काही दिवसांनी वाख सुटतो, तेव्हा नेमकं हेच घडत असतं. तंतूंना चिकटवून ठेवणारं पेक्टिन जातं, तंतू शाबूत राहतो. ओंडक्यातही बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम गटातले बॅक्टेरिया आधी साखर आणि स्टार्च खातात, मग पेक्टिनकडे वळतात. चकती झिजते, भोकं पडतात, शेवटी नाहीशी होते. त्याच वेळी सालीकडून गाभ्याकडे जाणाऱ्या आडव्या किरण-पेशींच्या पातळ पडद्यांनाही भोकं पडतात. नळीची भिंत मात्र लिग्निनने, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थाने, पक्की झालेली असते. काही महिन्यांत तिचं फारसं बिघडत नाही. अमेरिकेत एलवूड आणि एक्लंड यांनी तलावात साठवलेल्या पाइन ओंडक्यांवरचा हा बॅक्टेरियांचा हल्ला 1959 मध्ये तपशीलवार मांडला, त्यामागचं कारणही असंच होतं: त्या लाकडाच्या वस्तू नको तेवढं द्रव पीत होत्या.

चकतीच गेली की नंतर लाकूड कितीही वाळवा, तोंडावर बसायला काही उरत नाही. दार कायमचं उघडं. तुमच्या फळ्या सुकल्यावरही पितात, त्याचं कारण हे.

मग चट्टे का? सगळीच फळी सारखी पिणारी झाली असती तर स्टेन फक्त थोडा गडद दिसला असता आणि शेड हलकी करून काम भागलं असतं. खरा त्रास असमानतेचा आहे. बॅक्टेरिया ओंडक्याच्या कापलेल्या टोकांतून, सालीला जखम झालेल्या जागेतून आणि किरण-पेशींच्या वाटेने शिरतात. जिथे सालीखालचा गोडसर थर चिकटून राहिलाय तिथे त्यांना आयतं अन्न मिळतं. खणीत वरचा हातभर थर उन्हाने तापतो आणि तिथे काम वेगाने होतं, तळाशी सावकाश. अर्धा तरंगणारा ओंडका तर तीन प्रकारचं लाकूड देतो. पाण्याबाहेरची पाठ वाळते आणि निळी पडते, पाण्याच्या रेषेजवळ बुरशी आणि बॅक्टेरिया दोन्ही असतात, पोटाकडे फक्त बॅक्टेरिया. पसरताना बॅक्टेरिया लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने लांब जातात, म्हणून चट्टे लांबट दिसतात आणि वाढीच्या वळ्यांना जुमानत नाहीत. रंध्याच्या चुकीने किंवा सँडपेपरच्या ओरखड्याने आलेला डाग असा दिसत नाही. हीच त्याची ओळख.

गाभा जवळजवळ सुटतो. गाभ्यातल्या खिडक्या झाड उभं असतानाच बंद झालेल्या असतात, त्यांवर राळेसारख्या पदार्थांचा लेप बसलेला असतो आणि बॅक्टेरियांना खायला तिथे फारसं काही नसतं. हा सगळा खेळ सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाचा. आयात पाइनमध्ये पांढरा भाग मोठा असतो, म्हणून तिथे परिणाम डोळ्यांत भरतो. सागाचा गाभा सहा महिने पाण्यात राहिला तरी औषध घ्यायला तयार होत नाही. "साग भिजवला की औषध आत जातं" असं कोणी सांगितलं तर ते पांढऱ्या कडेपुरतंच असेल.

आंब्याला काही झालं नाही, कारण त्याची रचनाच वेगळी. रुंदपर्णी लाकडात पाणी वाहायला मोठ्या वाहिन्या असतात. फळीच्या टोकावर साध्या डोळ्यांनी दिसणारी छिद्रं ती त्यांचीच. या झाडांच्या पिटमध्ये टोरसची चकती नसते, नुसता पातळ पडदा असतो. आंबा मुळातच सहज पिणारं लाकूड आहे, बॅक्टेरियांनी आतले पडदे थोडे मोकळे केले तरी फरक नजरेत भरत नाही. मात्र आंब्याला पाण्याचा वेगळा फायदा होतो. पांढऱ्या भागातला स्टार्च कमी होतो आणि पावडर पाडणारा भुंगेरा त्या स्टार्चवरच जगतो. बांबू ओढ्यात बुडवून ठेवतात तेही याचसाठी. मेडिकलमध्ये मिळणारं टिंक्चर आयोडीन ताज्या रंधलेल्या आंब्याच्या फळीवर लावा. निळं-काळं झालं तर स्टार्च अजून आहे, नुसतं पिवळसर-तपकिरी राहिलं तर गेला. आंब्याच्या खोक्यांचं लाकूड कापणाऱ्यांनी एवढी चाचणी तरी करावी. पाण्यात ठेवलं म्हणून आंबा टिकाऊ होत नाही, बुरशी आणि वाळवी त्याला लागतेच.

पॉलिशवाल्याची शंका मात्र तपासूनच सोडा. गडद चट्ट्यात पटाशीचं टोक रेषेला आडवं खुपसून कपचा उचला. लांब, तंतू ओढत निघणारा कपचा आला तर लाकूड खणखणीत आहे. कपचा बिस्किटासारखा आखूड तुटला तर तिथे बुरशी शिरली आहे, बहुधा तरंगणाऱ्या बाजूला, आणि तो तुकडा बाजूला काढा. नुसत्या बॅक्टेरियांनी काही महिन्यांत तुळई किंवा चौकटीची ताकद मोजण्याजोगी घटत नाही. झटका सहन करण्याची क्षमता थोडी उतरू शकते, म्हणून कुदळीचे दांडे किंवा शिडीच्या पायऱ्या अशा लाकडाच्या करू नयेत. नळीची भिंतच पोखरणारे बॅक्टेरियाही असतात, पण त्यांचं काम इमारतींच्या पायात, पाण्याखाली गाडलेल्या लाकडी खांबांत दशकानुदशकं चालतं. खणीतल्या एका हंगामाशी त्याची गल्लत नको.

कोणती फळी किती पिते हे स्टेन लावण्याआधी कळायला हवं. सर्वात सोपी चाचणी पाण्याच्या थेंबाची. फळी त्याच दिवशी रंधलेली हवी, कारण आठवडाभर उघड्या पृष्ठभागावर राळ आणि धूळ बसून उत्तर फसवं येतं. ड्रॉपरने दर 10 सेंटिमीटरवर एक थेंब टाका. न भिजवलेल्या पाइनवर थेंब कित्येक मिनिटं फुगीर उभा राहतो. खाल्लेल्या जागी काही सेकंदांत पसरून जिरतो. पेन्सिलीने त्या जागा गोल करा, दहा मिनिटांत फळीचा नकाशा हातात येतो.

आकड्यात हवं असेल तर 10 × 5 × 2.5 सेंटिमीटरचे तुकडे कापा, निम्मे भिजवलेल्या आणि निम्मे न भिजवलेल्या लाकडाचे. दोन्ही टोकं एपॉक्सीने बंद करा. ही पायरी चुकवली तर टोकातून पाणी शिरतं आणि सगळे तुकडे सारखेच वाटतात. एपॉक्सी वाळल्यावर 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा, एक तास पाण्याखाली दाबून ठेवा, कापडाने पुसून पुन्हा वजन करा. तुकड्याचं आकारमान 125 घनसेंटिमीटर आहे. वजन 10 ग्रॅमने वाढलं तर ते घनमीटरला 80 लिटर झालं. दोन गटांतला फरक बघा, आणि भिजवलेल्या तुकड्यांमधला आपसातला फरक त्याहून बारकाईने बघा, कारण पॉलिश बिघडवतो तो हा दुसरा फरक. तुकड्याच्या टोकाला पंपाने हवा मारून दुसऱ्या टोकाच्या साबणाच्या पाण्यात बुडबुडे बघायची युक्ती आंब्यावर वापरू नका, तिथे उघड्या वाहिन्यांतून हवा नेहमीच जाते.

औषधाकडे वळू. प्लांटवाल्याचा आनंद रास्त आहे, पण त्यात एक खर्चिक चूक दडलेली असते. लाकडात किती औषध बसलं ते द्रावण किती शिरलं आणि ते किती टक्क्यांचं होतं, या दोन्हींच्या गुणाकाराने ठरतं. समजा लक्ष्य घनमीटरला 8 किलो क्षाराचं, म्हणजे कोरड्या औषधाचं, आहे. साधं पाइन घनमीटरला 200 लिटर घेतं तेव्हा 4 टक्क्यांचं द्रावण बरोबर बसतं. खणीतलं पाइन 400 लिटर घेऊ लागलं आणि द्रावण तेच ठेवलं, तर 16 किलो गेलं. निम्मं औषध वाया, खांब ओलाचिंब आणि जड, रचल्यावर हिरवट पाणी गळत राहतं. 100 घनफुटांचा चार्ज, म्हणजे टाकीत एका वेळी भरलेला माल, 2.83 घनमीटर होतो. त्याला लागतात सुमारे 22.6 किलो क्षार, मग 4 टक्क्यांचं 566 लिटर द्रावण घ्या किंवा 2 टक्क्यांचं 1132 लिटर. भिजवलेल्या लाकडासाठी दुसरा हिशोब धरायचा. दाब देण्याआधीचा व्हॅक्यूम (टाकीतली हवा ओढून घेणं) टाळावा, दाब चौरस सेंटिमीटरला 4-5 किलोपासून सुरू करावा आणि घड्याळापेक्षा टाकीच्या पातळीच्या काचेकडे लक्ष ठेवावं. ठरलेले लिटर गेले की थांबायचं. शेवटचा व्हॅक्यूम मात्र नेहमीपेक्षा लांब द्या, म्हणजे जास्तीचं द्रावण परत येतं. भिजवलेला आणि न भिजवलेला माल एका चार्जमध्ये कधीही भरू नका. एक भरून वाहतो, दुसरा कोरडा राहतो आणि सरासरी आकडा कागदावर उत्तम दिसतो. चार्ज भरण्याआधी ओलावा 25 टक्क्यांखाली आलेला असावा. नळ्यांत पाणीच भरलेलं असेल तर उघड्या दारांचा उपयोग काय?

घरातल्या फर्निचरच्या आतल्या पट्ट्यांसाठी प्रेशर प्लांटची गरज नाही. 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून बुडवणी पुरते. पावसात हे क्षार धुऊन जातात, म्हणून बाहेरच्या कामाला नाही.

आता हातातल्या चट्टेवाल्या फळ्या. पाण्यातला स्टेन थेट लाकडावर लावायचा नाही, ही पहिली गोष्ट. आधी तहान भागवायची. चपडा लाखेचं पातळ द्रावण, लिटरभर स्पिरिटला 80 ते 100 ग्रॅम, पूर्ण फळीवर एक हात मारा. वाळल्यावर पेन्सिलीच्या गोलांवर फक्त तेवढाच दुसरा हात. 220 नंबरच्या सँडपेपरने हलकं घासा, लाकूड उघडं पडू देऊ नका. त्यावर पुन्हा थेंब टाकून बघा. सगळीकडे थेंब सारखा उभा राहिला तरच पुढे जा. रंग द्यायचा असेल तर तो लाकडात न देता सीलरच्या वरच्या थरात मिसळून स्प्रेने द्या. रंग वर बसतो, आत शिरत नाही, चट्टा दिसत नाही. चट्टे फार आणि मोठे असतील तर तो माल पॉलिशच्या कामातून काढून रंगाच्या कामाला किंवा आतल्या सांगाड्याला वापरणं जास्त शहाणपणाचं. मजुरीच लाकडाच्या किमतीपुढे जाते.

जोडकामातही हे लाकूड फसवतं. सांध्याला लावलेला पांढरा गोंद फळी पिऊन टाकते आणि क्लॅम्प सोडल्यावर सांधा उपाशी राहतो. दोन्ही तोंडांवर आधी पातळ हात, दोन-तीन मिनिटं थांबून दुसरा जाड हात, मग लगेच आवळा.

खिडक्या-दारांच्या बाहेरच्या चौकटीसाठी असं पाइन औषध न पाजता वापरू नका, हे आग्रहाने सांगतो. जे लाकूड स्टेन पितं ते पाऊसही पितं. गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात चौकटीचा खालचा सांधा जून ते सप्टेंबर ओलाच राहतो. रंगाच्या बारीक फटीतून शिरलेलं पाणी उघड्या दारांतून आतवर पोचतं, रंगाच्या थराखाली अडकतं आणि हवा असल्यामुळे आता बुरशीची पाळी येते. वरून रंग चकचकीत, आत लगदा.

महापुरात बुडालेल्या मालाबद्दलही हाच प्रश्न येतो, म्हणून सांगतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी दिवसेंदिवस वखारींत, तळघरांत उभं होतं. आठ-दहा दिवसांत बॅक्टेरिया दारं खाऊन टाकत नाहीत. तिथला धोका पाणी ओसरल्यावर सुरू होतो: लाकूड ओलं आणि हवा मोकळी, म्हणजे बुरशीला हवं ते सगळं. गाळ स्वच्छ पाण्याने धुवा, गाळ वाळला की तोंडं बंद होतात. इंचभर जाडीच्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर ठेवून सावलीत रचा, उन्हात नको. साग, ऐन, बाभळीवर खिळे किंवा पत्र्याजवळ आलेले काळे डाग बॅक्टेरियांचे नाहीत, ते टॅनिन आणि लोखंडाचे. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घालून ब्रशने लावलं की ते निघतात. हातमोजे घाला, ते विषारी आहे, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. हाच काळा डाग खणीत लोखंडी साखळीने बांधलेल्या ओंडक्यालाही पडतो, म्हणून नायलॉनचा दोर वापरा.

मिरजेकडच्या वाद्य बनवणाऱ्यांकडूनही कधी विचारणा होते की पाण्यात ठेवलेल्या लाकडाचा आवाज चांगला लागतो का. इटलीतल्या जुन्या व्हायोलिनचं लाकूड नदीतून वाहून आणलेलं होतं, त्यातून आवाज आला, असा एक तर्क आहे. तो सर्वांनी मान्य केलेला नाही. तो तर्क खरा धरला तरी स्प्रूसचा आहे, जिथे चकतीवाले पिट असतात. तंबोऱ्याच्या तबलीसाठी (भोपळ्यावरच्या लाकडी फळीसाठी) लागणारं तून हे लाकूड रुंदपर्णी आहे आणि वापरतात तो बहुतेक गाभाच. तिथे हे लागू होत नाही, चांगली तबली उगाच खणीत घालू नका.

पुढच्या उन्हाळ्याचं सांगतो. पॉलिशच्या पाइनला पाण्यात तीन-चार आठवड्यांहून जास्त ठेवू नका. आपल्याकडच्या कोमट पाण्यात चकती दोन-तीन आठवड्यांत झिजू लागते आणि दोन-तीन महिन्यांत बदल ठळक होतो. जमल्यास हा माल आधी कापा, बोरॅक्स-बोरिकमध्ये बुडवा आणि पट्ट्यांवर रचा. कुंपणाच्या आणि मांडवाच्या खांबांचा माल मात्र मुद्दाम आठ ते बारा आठवडे बुडवा. तो ओला असतानाच, शक्य तितक्या लवकर पाण्यात गेला पाहिजे, नाहीतर निळा डाग आधीच शिरलेला असतो. साल पूर्ण काढा, अर्धवट नको. ओंडके वरून दगडांनी किंवा आडव्या वाशांनी दाबून पूर्ण पाण्याखाली ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी वरचे खाली, खालचे वर करा. काढण्याआधी दोन ओंडक्यांच्या टोकापासून फूटभर आत लाकडाचा तुकडा कापून, वाळवून, रेषेच्या बाजूने रंधून थेंबाची चाचणी घ्या. थेंब सगळीकडे सारखा जिरत असेल तर काढा, नाहीतर आणखी दोन आठवडे. प्रत्येक ओंडक्यावर पाण्यात टाकल्याची तारीख रंगाने लिहा, कापल्यावर फळ्यांच्या गठ्ठ्यावर तीच तारीख येऊ द्या, म्हणजे पॉलिशवाल्याला आणि प्लांटवाल्याला कोणता माल आला ते आधी कळेल. खणीतलं काळपट पाणी थेट ओढ्यात सोडू नका. त्यातला प्राणवायू संपलेला असतो आणि सालीतलं टॅनिन उतरलेलं असतं, मासे मरतात. पाणी थोडं थोडं, भरपूर साध्या पाण्यात मिसळून पडीक शेतात सोडा.